वडिलांचं दफ्तर, ब्रिटनच्या चोपड्या आणि दोरीवरचे मग

स्वयंपाकघर. दोरीवर ओळीने टांगलेले चिनी मातीचे मग. पन्नाशीची एक बाई हातात मोठा लाकडी डाव घेऊन एकेका मगावर टोला देतेय आणि शेजारी इंग्लंडचा त्या काळचा सर्वांत नावाजलेला संगीतकार कान टवकारून उभा आहे. त्याला पाऊस हवा होता. मुसळधार नको, पहिले चार-दोन टपोरे थेंब.

साल १९५७. गाव ऑल्डबरा, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सफोक परगण्यात. संगीतकार म्हणजे बेंजामिन ब्रिटन. बायबलमधल्या प्रलयाच्या गोष्टीवर तो ‘नोयज फ्लड’ हा ऑपेरा लिहीत होता, गावातल्या शाळकरी मुलांनी गावा-वाजवावा असा. नोहाच्या नौकेवर पडणारे पहिले थेंब कशाने वाजवायचे, इथे गाडी अडली होती. डाववाल्या बाईने ती सोडवली. मग दोघं गावातल्या दुकानात गेली आणि तिथले मग टोले मारमारून निवडले, आपण माठ घेताना टिचकी मारून बघतो तसे. १८ जून १९५८ ला ऑर्फर्डच्या चर्चमध्ये पहिला प्रयोग झाला. वाद्यांच्या यादीत व्हायोलिन-ड्रमच्या पंगतीला रीतसर बसले ‘टांगलेले मग’. आपल्या जलतरंगाचा हा गरीब चुलतभाऊ. पाणी नाही, नाजूक काड्या नाहीत, रियाजाची अट नाही.

युक्ती बाईला सुचली कुठून? महायुद्धाच्या काळात खेड्यापाड्यांतल्या महिला मंडळांना ताल शिकवायचं काम तिच्याकडे होतं. तिथे वाद्यं कुठली असणार! घरात असेल ते वाजवायचं.

या बाईचं नाव इमोजेन होल्स्ट (१९०७–१९८४). तिची ओळख करून देताना नेहमी दुसऱ्या कुणाचं तरी नाव आधी येतं. ‘द प्लॅनेट्स’ लिहिणाऱ्या गुस्टाव होल्स्टची एकुलती एक मुलगी. ब्रिटनची मदतनीस. ती स्वतः संगीतरचना करायची, वाद्यवृंद आणि गायकवृंद चालवायची, पुस्तकं लिहायची आणि १९५६ ते १९७७ अशी एकवीस वर्षं ऑल्डबरा महोत्सवाची एक कलासंचालक होती, हे दुसऱ्या वाक्यात. गंमत अशी की या दोन्ही थोर पुरुषांचे कागद आज जागेवर सापडतात त्याला मोठं कारण ही बाईच. आणि तिचे स्वतःचे कागद? ते आहेत ऑल्डबरामधल्या रेड हाउस या ब्रिटनच्या घराच्या आवारात, त्याच्या दफ्तराच्या शेजारी. म्हणजे मुक्काम पुन्हा दुसऱ्याच्या घरी. चला, एकेक खोकं उघडू.

नावातच छापखान्याची चूक?

इमोजेन हे नाव शेक्सपिअरच्या ‘सिंबेलिन’ नाटकातल्या राजकन्येचं. अभ्यासकांपैकी बऱ्याच जणांचं म्हणणं असं की शेक्सपिअरने लिहिलं होतं ‘इनोजेन’, पण छापताना दोन ‘एन’चा एक ‘एम’ झाला आणि १६२३ च्या छापील आवृत्तीतून तो मुद्रणदोष जगभरच्या पाळण्यांत जाऊन पडला. जुळाऱ्याच्या चुकीमुळे बारसं झालेली मुलगी पुढे आयुष्यभर संगीताच्या कागदांवरच्या लेखनिकांच्या चुका दुरुस्त करत बसली. योगायोग म्हणू, दुसरं काय!

वटपौर्णिमा, मुक्काम लंडन

मराठी वाचकाने होल्स्टचं खोकं उघडलं की पहिल्यांदा हात थांबतो तो इथे. गुस्टाव होल्स्टला पंचविशीत आपल्या ग्रंथांचं वेड लागलं. ऋग्वेदाची इंग्रजी भाषांतरं त्याने चाळली, ती त्याला लाकडासारखी वाटली. मग पठ्ठ्याने सरळ लंडनमध्ये संस्कृतची शिकवणी लावली. बाई होत्या मेबेल बोड. पंडित तो कधी झाला नाही. कोश मांडीवर घेऊन शब्द न् शब्द लावायचा आणि स्वतःपुरतं इंग्रजी करायचा. पण त्या अर्ध्यामुर्ध्या संस्कृतवर त्याने काय काय केलं बघा. ऋग्वेदातल्या सूक्तांवर वृंदगीतांचे चार संच, रामायणावर ‘सीता’ नावाचा मोठा ऑपेरा, कालिदासाच्या मेघदूतावर ‘द क्लाउड मेसेंजर’ आणि १९०८ च्या सुमारास ‘सावित्री’.

होय, आपलीच. वडाला दोरे गुंडाळणाऱ्या बायांची. ऑपेरा जेमतेम अर्ध्या तासाचा. गाणारे तिघेच: सावित्री, सत्यवान आणि यम. त्यांच्यामागे बायकांचा एक वृंद आणि वाजवणारे डझनभर. पडदा उघडताना वाद्यांचा गाजावाजा नाही. सुरुवातीला येतो तो यमाचा आवाज, दिसत नाही असा, आणि त्याच्या साथीला एकही वाद्य नाही. ज्या काळात ऑपेरा म्हणजे शंभर वादक आणि चार तास असं समीकरण होतं, त्या काळात हे धाडस. पहिला प्रयोग ५ डिसेंबर १९१६ ला लंडनमध्ये झाला. फ्रान्सच्या रणांगणावर माणसं पडत होती आणि इकडे एक बाई यमाशी वाद घालून नवरा परत आणत होती.

‘सीता’ घेऊन मात्र तो एका स्पर्धेत हरला. नंतर त्यानेच त्या ऑपेराची टिंगल केली, की ती सगळी वाग्नरछाप बोंबाबोंब होती. ‘क्लाउड मेसेंजर’ १९१३ मध्ये लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये सादर झाला आणि पडला. रामटेकच्या डोंगरावर उभं राहून कालिदासाचं स्मारक बघणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की तिथला ढग एकदा लंडनपर्यंत गेला होता आणि न बरसताच परतला?

‘सावित्री’चा पुढचा अंक मुलीच्या हातचा. १९६५ मध्ये या ऑपेराचं ध्वनिमुद्रण झालं. सावित्री गायली जॅनेट बेकर, वृंद होता इमोजेनने स्वतः उभा केलेला पर्सेल सिंगर्स, आणि संचालन करत होती इमोजेन. वडिलांची सावित्री मुलीने परत आणली, इतकंच म्हणतो. यमाचा उल्लेख टाळतो.

‘फॉन’ कापलं आणि मंगळ आला

घराण्याचं तेव्हाचं आडनाव फॉन होल्स्ट. १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा हे कुटुंब एसेक्समधल्या थॅक्स्टेड गावी राहत होतं. नावात जर्मन ‘फॉन’, वर हा गृहस्थ एकटाच रानावनातून मैलोन्‌मैल भटकतो आणि वाटेत लोकांना प्रश्न विचारतो. गावकऱ्यांनी हेर समजून पोलिसांत वर्दी दिली. पोलिसांना काही सापडलं नाही. हेरगिरी करायला वेळ कुठे होता, तो ‘द प्लॅनेट्स’ लिहीत होता. १९१८ मध्ये ‘फॉन’ रीतसर गळालं.

‘प्लॅनेट्स’चा खगोलशास्त्राशी संबंध कमी, पत्रिकेशी जास्त. होल्स्टला फलज्योतिषाचा नाद होता. मित्रांच्या कुंडल्या मांडणं हा त्याचा आवडता दुर्गुण. म्हणूनच सात ग्रहांत पृथ्वी नाही, आणि सुरुवात मंगळापासून. पहिलाच ग्रह मंगळ असूनही जमून गेलेलं हे एक लग्न.

२९ सप्टेंबर १९१८ ला क्वीन्स हॉलमध्ये ते पहिल्यांदा वाजलं, निमंत्रितांपुरतं, संचालक एड्रियन बोल्टच्या हाताखाली. ‘गुरू’ सुरू झाला तेव्हा बाहेरच्या बोळात फरशी पुसणाऱ्या बायकांनी ब्रश खाली ठेवले आणि त्या नाचायला लागल्या. ही नोंद इमोजेननेच वडिलांच्या चरित्रात करून ठेवली आहे. संगीत समीक्षेच्या इतिहासात मला तरी यापेक्षा चांगला अभिप्राय सापडलेला नाही.

उजव्या हाताच्या बायका

होल्स्टचा उजवा हात नसांच्या दुखण्याने अधू होता. पियानो सुटला तो त्यामुळेच. पुढे पोटासाठी त्याने ट्रॉम्बोन वाजवला, मग मास्तरकी धरली. ‘प्लॅनेट्स’ची प्रचंड स्वरलिपी त्याने एकट्याने लिहून काढणं शक्यच नव्हतं. तो शिकवत होता त्या लंडनच्या सेंट पॉल्स मुलींच्या शाळेतल्या व्हॅली लास्कर आणि नोरा डे या शिक्षिका आणि जेन जोसेफ ही जुनी विद्यार्थिनी त्याच्या सांगण्यावरून पानंच्या पानं उतरवून द्यायच्या. आज मैफलीच्या पत्रिकेवर यांची नावं सहसा नसतात.

इमोजेनच्या नशिबी तेच दुखणं जरा वेगळ्या पत्त्यावर आलं. तिलाही पियानोवादक व्हायचं होतं. हाताच्या शिरांच्या आजाराने तो रस्ता बंद केला. त्याआधी नाचाचा रस्ताही तब्येतीनेच बंद केला होता. आणि १९५२ मध्ये ती ब्रिटनकडे कामाला लागली ती कशासाठी? त्याच्या स्वरलिप्या उतरवून काढायला. वडिलांसाठी तीन बायकांनी केलं ते लेकीने दुसऱ्या संगीतकारासाठी केलं. नाच सुटला तरी अंगातून गेला नाही, हेही सांगायला हवं. गायकवृंदापुढे ती उभी राहिली की काठीने ताल मोजणारी मास्तरीण दिसायचीच नाही. हात, खांदे, टाचा, सगळी बाई नाचायची.

टोप्या घातलेल्या चौदा आज्या

१९४० च्या जानेवारीत एका न्यासाने सहा जणांना ‘संगीत प्रवासी’ म्हणून नेमलं. बॉम्ब पडायची धास्ती आहे, दिवे बंद आहेत, शहरातली मुलं खेड्यांत पाठवली आहेत, तर लोकांनी निदान गावं-वाजवावं म्हणून ही फिरती माणसं. इमोजेनच्या वाट्याला आला इंग्लंडचा पश्चिम भाग. काम असं: बसने जायचं, गावातला बँड असेल तर त्यांना उठवून वाजवायला लावायचं, नसेल तर जो भेटेल त्याचा गायकवृंद करायचा. तिच्या त्या काळच्या लिखाणात एका ठिकाणचं वर्णन आहे. पत्र्याचं अंधारं, रिकामं, कुरूप सभागृह आणि भिंतीला टेकून डोक्यावर टोप्या घालून बसलेल्या चौदा म्हाताऱ्या. दुसरं कुणी असतं तर पुढच्या बसने परतलं असतं.

ही योजना पुढे सरकारी मदतीने चालणाऱ्या ‘सेमा’ नावाच्या परिषदेत गेली आणि १९४६ मध्ये त्या परिषदेचीच ‘आर्ट्स कौन्सिल ऑफ ग्रेट ब्रिटन’ झाली. सरकारने कलेला पैसे द्यावेत की नाही, यावर तिकडे आजही वाद झडतात. त्या वटवृक्षाच्या मुळाशी पत्र्याच्या सभागृहातल्या या चौदा आज्याही आहेत. कला-प्रशासन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फायली, शाल-श्रीफळ आणि उशिरा येणारे पाहुणे उभे राहतात. इमोजेनचं कला-प्रशासन बसच्या वेळापत्रकापासून सुरू झालं.

शंभर पौंड, पदरचे

युद्धाच्या आरंभी ती लंडनमध्ये आणखी एक काम करत होती. हिटलरच्या तावडीतून पळून आलेल्या वादकांना ब्रिटिश सरकारने ‘शत्रुदेशाचे नागरिक’ म्हणून छावण्यांत डांबलं होतं, त्यांची बाजू लावून धरायचं. पुढे व्हिएन्नाहून आलेले असेच तीन तरुण आणि एक इंग्लिश चेलोवादक मिळून एक चौकडी तयार झाली. पहिला कार्यक्रम १९४७ मध्ये इमोजेनच्याच कामाच्या जागी, डेव्हनमधल्या डार्टिंग्टनला झाला. तिला ते वादन इतकं आवडलं की लंडनच्या विगमोर हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम व्हावा म्हणून तिने पदरचे शंभर पौंड काढले. १० जानेवारी १९४८ ला हा कार्यक्रम झाला. चौकडीने नवं नाव घेतलं होतं, अमाडिअस. तेच चौघे पुढे १९८७ पर्यंत, एकही गडी न बदलता, जगभर वाजवत राहिले. अनुदानाचा अर्ज नाही, समिती नाही, तीन प्रतींत प्रस्ताव नाही. हा सगळ्यात वेगाने मंजूर झालेला प्रस्ताव असावा.

शांतिनिकेतनचा रस्ता डेव्हनमधून जातो

डार्टिंग्टन हॉल ही डेव्हनमधली जुनी जहागीर. १९२५ मध्ये ती घेतली लिओनार्ड आणि डोरोथी एल्महर्स्ट या दांपत्याने. डोरोथी अमेरिकेतली धनाढ्य वारसदार. आणि लिओनार्ड? तो रवींद्रनाथांचा माणूस. १९२२ मध्ये शांतिनिकेतनजवळच्या सुरुल गावी रवींद्रनाथांनी ग्रामविकासाचं जे केंद्र काढलं, जे पुढे श्रीनिकेतन म्हणून ओळखलं गेलं, त्याची घडी या इंग्लिश शेतकीतज्ज्ञाने बसवली. तिथून परतल्यावर त्याने डेव्हनमध्ये शेती, शाळा आणि कला यांचा तसाच एकत्र संसार मांडला. म्हणजे बंगालमधलं कलम इंग्लंडमध्ये लावलेलं.

इमोजेन तिथे १९४२ मध्ये आली आणि १९५१ पर्यंत राहिली. तिचा संगीताचा अभ्यासक्रम खेड्यापाड्यांत संगीत शिकवणारी माणसं घडवायचा. भर पुस्तकावर नव्हे, गाऊन-वाजवून शिकण्यावर. आणि मग १९५०–५१ च्या हिवाळ्यात ती निघाली थेट शांतिनिकेतनला. दोन महिने. वडिलांनी लंडनमध्ये कोश उघडून जो भारत वाचला, तो मुलीने कानांनी ऐकला. वडील भारतात कधी आलेच नाहीत. १९५३ मध्ये तिने पंजाबच्या डोंगरी खेड्यांतल्या दहा लोकधुना रेकॉर्डर या शाळकरी बासरीसाठी प्रसिद्ध केल्या. इंग्लंडमधल्या शाळांतल्या मुलांनी त्या फुंकल्या असतील तर हिमालयाच्या पायथ्याच्या धुनांना असा श्वास आधी कधी मिळाला नसेल.

मध्येच एक मराठी टाचण. शांतिनिकेतनात जाऊन शिकायचं वेड वयाला जुमानत नाही. पन्नाशीला आलेले पु. ल. देशपांडे बंगाली शिकायला तिथे जाऊन राहिले होते. पेटी वाजवणारा हा माणूस पुढे मुंबईच्या एनसीपीएचा मानद संचालकही झाला. इमोजेनशी त्यांचं जमलं असतं, असं उगाच वाटून जातं. टांगलेल्या मगांवर तर नक्कीच.

आणि तिच्या नावाचं पूर्वेकडून आलेलं एक पत्र. ब्रिटन आणि त्याचा जोडीदार, गायक पीटर पीअर्स, १९५५ च्या अखेरीस लांबच्या दौऱ्यावर निघाले. दिल्लीत त्यांनी रविशंकरांची सतार ऐकली. पुढे बालीत गामेलान वाद्यवृंद ऐकून ब्रिटन असा काही भारावला की जानेवारी १९५६ मध्ये त्याने त्या संगीताच्या समृद्धीबद्दल पत्र लिहिलं. त्याच्या चरित्रांत ते हटकून येतं. पत्ता कुणाचा? इमोजेनचा.

अठरा महिन्यांची रोजनिशी

तिच्या दफ्तरातला सगळ्यात गाजलेला ऐवज म्हणजे एक रोजनिशी. सप्टेंबर १९५२ ते मार्च १९५४. ती नुकतीच ऑल्डबरामध्ये येऊन राहिली होती. हातात काम होतं ‘ग्लोरिआना’चं, राणी एलिझाबेथ दुसरी हिच्या राज्याभिषेकानिमित्त ब्रिटन लिहीत असलेला ऑपेरा. तारीख ठरलेली, ८ जून १९५३, स्थळ लंडनचं रॉयल ऑपेरा हाउस. राज्याभिषेकाची तारीख काही संगीतकारासाठी पुढे जात नाही. ब्रिटन लिहितोय, इमोजेन पानांवर रेघा मारतेय, वाद्यांची घरं आखतेय, कच्च्यावरून पक्कं करतेय. ज्यांनी लग्नाच्या आदल्या रात्री रुखवत पुरं केलंय त्यांना हे दृश्य वेगळं सांगायला नको.

आणि या धबडग्यात रोज रात्री ती लिहायची. आज ब्रिटन काय म्हणाला, कुठली जागा अडली, जेवताना कुणाची चेष्टा झाली, समुद्रावर फिरताना काय बोलणं झालं. ब्रिटन आपल्या कामाबद्दल फार बोलणारा माणूस नव्हता. तो काम करत असताना कसा बोलायचा हे कळतं ते या वहीतून. पण मला वहीत दुसरीच गोष्ट अधिक गमतीची वाटते. लिहिणारी बाई पंचेचाळिशीची आहे, तिच्या नावावर पुस्तकं आहेत, नऊ वर्षं तिने एक संगीत विभाग एकहाती चालवलाय. आणि वहीत मात्र ती नव्या गुरूच्या घरी पहिल्या दिवशी गेलेल्या शिष्येसारखी हरखून जाते. भक्ती आहे, थोडी भाबडीही. पण सूर चुकला की तोही तिच्या कानांतून सुटत नाही.

‘ग्लोरिआना’ची पहिली रात्र कशी गेली? थंड. प्रेक्षागृहात दरबारी मंडळी, राजदूत आणि हातमोजे. हातमोज्यांतल्या टाळ्यांचा आवाज कितीसा होणार!

पूर्ण रोजनिशी २००७ मध्ये तिच्या चरित्रग्रंथात छापून आली. त्या दोघांच्या या महिन्यांवर मार्क रेव्हनहिल या नाटककाराने नाटक लिहिलं, ते २०२४ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीने रंगमंचावर आणलं. नाव ‘बेन अँड इमो’. म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकातलं (किंवा जुळाऱ्याच्या चुकीतलं) नाव फिरून शेक्सपिअरच्याच कंपनीत पोचलं.

शेजारच्या फळीवर

ब्रिटनच्या कागदांतलंही एक प्रकरण इथे सांगून टाकतो. १९४२ मध्ये तो अमेरिकेहून बोटीने मायदेशी निघाला तेव्हा न्यूयॉर्कच्या कस्टमवाल्यांनी त्याच्या स्वरलिप्या जप्त केल्या. संशय असा की या ठिपक्या-रेघांत गुप्त सांकेतिक लिपी असणार! त्यात ‘हिम टू सेंट सिसिलिया’ हे वृंदगीत अर्धं लिहिलेलं होतं. ब्रिटनने बोटीवर ते आठवून पुन्हा लिहिलं. होल्स्टला थॅक्स्टेडच्या लोकांनी हेर ठरवलं, ब्रिटनला कस्टमने. इमोजेनने बरोबर याच दोघांचे कागद सांभाळावेत म्हणजे कमाल.

आणि रेड हाउस? ते ब्रिटनचं होण्याआधी एका चित्रकर्तीचं होतं. १९५७ मध्ये दोघांनी चक्क घरांची अदलाबदल केली. तिला समुद्र मिळाला, याला शांतता. २०१३ मध्ये, त्याच्या जन्मशताब्दीला, त्याच आवारात कागदांसाठी नवी इमारत उभी राहिली. शक्यतो यंत्रांवर विसंबायचं नाही, जाड बांधकामानेच आतली हवा स्थिर ठेवायची अशी तिची रचना. वाड्यांत वाढलेल्या पिढीला हे तत्त्व समजावून सांगावं लागणार नाही. डांबराच्या गोळ्यांची गरज तेवढी उरलेली नाही.

लेक की परीक्षक?

वडील १९३४ मध्ये गेले. चारच वर्षांत इमोजेनने त्यांचं चरित्र लिहिलं. आपल्याकडे ‘माझे बाबा’ छापाची पुस्तकं कशी असतात हे ठाऊक आहेच: बाबा महान, बाबांचे मित्र महान, बाबांवर अन्याय झाला. इमोजेनने १९५१ मध्ये वडिलांच्या संगीतावर दुसरं पुस्तक लिहिलं, त्यात त्यांच्या रचना अशा सोलून काढल्या की परक्या समीक्षकालाही संकोच वाटावा. इथे फसलंय, तिथे उधारीचं आहे, हे वाजवण्याच्या लायकीचं नाही. सुरुवातीच्या काळातल्या रचना पुन्हा वाजू नयेत म्हणून ती अडूनही बसायची. आता वडिलांचा वारसा जपायचा म्हणजे त्यांची प्रत्येक चिठ्ठी देव्हाऱ्यात ठेवायची, की त्यांनी स्वतः फाडून टाकलं असतं ते पुढे येऊ द्यायचं नाही? मला विचाराल तर तिने थोडी जास्तच कडक शिस्त लावली. तिलाही पुढे तसं वाटलं असावं. १९६८ च्या आवृत्तीत भाषा मवाळ झाली आणि शेवटच्या आवृत्तीला तिने पुनर्विचाराचा एक नवा भागच जोडला. ती आवृत्ती तिच्या मृत्यूनंतर, १९८६ मध्ये बाहेर आली.

१९६४ मध्ये तिने ब्रिटनचं लेखनकाम सोडलं आणि वडिलांचं दफ्तर लावायला घेतलं. होल्स्टच्या जन्मशताब्दीला, १९७४ मध्ये, तिने केलेली त्याच्या समग्र रचनांची सूची प्रसिद्ध झाली. आज जगात कुठेही ‘द प्लॅनेट्स’ वाजलं आणि पत्रिकेवर ‘एच १२५’ असा आकडा दिसला तर तो इमोजेनने दिलेला. ‘सावित्री’ एच ९६. पुढच्याच वर्षी चेल्टनहॅममधलं होल्स्टचं जन्मघर संग्रहालय म्हणून उघडलं, त्यामागेही तीच. ती ज्या घरात हे सगळं करत होती ते ऑल्डबरामधलं चर्च वॉकवरचं छोटं बैठं घर कॅडबरी-ब्राउन या वास्तुविशारदाने मुद्दाम तिच्यासाठी बांधलं होतं. तिथेच ९ मार्च १९८४ ला ती गेली. गावातल्या चर्चच्या आवारात ब्रिटनच्या थडग्याच्या मागे, काही पावलांवर तिचं थडगं आहे.

आठवा ग्रह

प्लूटो सापडला १९३० मध्ये. होल्स्ट त्यानंतर चार वर्षं जगला, पण आपल्या सात ग्रहांना आठवा जोडायची त्याला कधी इच्छा झाली नाही. त्या एका रचनेच्या लोकप्रियतेने तो आधीच वैतागला होता.

ते काम २००० साली कॉलिन मॅथ्यूज या संगीतकाराने केलं. मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदाने त्याला सांगितलं, शेवटच्या ‘नेपच्यून’ला जोडून एक ‘प्लूटो’ लिहून दे. मॅथ्यूज होल्स्टला चांगला ओळखायचा, म्हणजे कागदांवरून: इमोजेनच्या उतारवयात तिच्याबरोबर बसून त्याने होल्स्टच्या हस्तलिखितांच्या आवृत्त्या तयार केल्या होत्या. ‘प्लूटो’ त्याने अर्पण केला इमोजेनच्या स्मृतीला.

सहा वर्षांनी, ऑगस्ट २००६ मध्ये, खगोलशास्त्रज्ञांनी प्राग शहरात मतदान घेऊन प्लूटोचं नाव ग्रहांच्या यादीतून खोडलं. इमोजेनच्या सूचीत ते आधीपासूनच नव्हतं.